तळ्यातली बाळंतपणं

आमच्या तळ्यावर शिट्टी माझ्याकडे होती, खाकी गणवेश माझा होता, दंडाचं पावतीपुस्तक माझ्या ड्रॉवरमध्ये होतं. आणि हुकूम चालायचा तो सिस्टरांचा.

तिसगावच्या पुढे आत वळलं की हे तळं लागतं. कागदोपत्री त्याला भलंमोठं नाव आहे, पाणथळ पक्षी राखीव क्षेत्र वगैरे. गावात विचाराल तर नुसतं ‘तळं’. वनरक्षक म्हणून माझी पहिलीच नेमणूक तिथे झाली, तीही ऐन एप्रिलमध्ये. नगरच्या सावेडीतून सामान बांधून निघताना आई म्हणाली होती, “पक्षी मोजायची नोकरी, सुखाची आहे बाई.” डोंबलाची सुखाची! पाणी आटून मधोमध डबकं उरलेलं. हिवाळ्यातले पाहुणे पक्षी कधीच पसार झालेले. उघड्या पडलेल्या गाळात बाबूभाईंची कलिंगडं, गावची म्हसरं, पोरांचं क्रिकेट. पहिल्या दिवशी मी जोरात शिट्टी फुंकली तर एका म्हशीनं तेवढं वळून बघितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी फटफट आवाज करत एक जुनाट लुना चौकीसमोर थांबली. वरून एक साठी ओलांडलेल्या बाई उतरल्या. पांढरं सुती पातळ, त्याला निळा काठ, आणि छातीशी पिनेला उलटं लटकवलेलं घड्याळ. ना नमस्कार, ना चमत्कार.

“आज किती बसल्या?” त्यांनी विचारलं.

“कोण बसल्या?”

“कोन म्हंजे? बाळंतिनी.”

त्यांनी माझ्या गळ्यातली दुर्बीण सरळ काढून घेतली, गाळाकडे रोखली आणि मोजायला लागल्या. तिकडे लांब गुलाबी पायांचे, काळ्या पंखांचे शेकाटे पक्षी चिखलाच्या उंचवट्यांवर पाय दुमडून बसले होते. “नऊ,” सिस्टर म्हणाल्या. “काल सात हुत्या. लिव्ह की, पगार कशाचा घेतीस?”

तर या सिस्टर. गावच्या आरोग्य उपकेंद्रात त्यांनी आख्खी नोकरी काढली. त्यांचं खरं नाव मला बरेच दिवस माहीत नव्हतं आणि गावातही फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. रिटायर झाल्यावर बाया देवाधर्माला लागतात, या तळ्याला लागल्या. का, ते विचारलं तर म्हणायच्या, “आता बाया नगरला जात्यात, शिजर करून येत्यात. माझ्याकडं कोन येतंय? ह्याच येत्यात, बिचाऱ्या.” एक लाल बांधणीची वही त्यांनी घातली होती. सरकारी रजिस्टर सरकारला परत दिलं, पण नोकरीत स्वतःसाठी म्हणून जी नोंदवही ठेवत होत्या तीच पुढे चालू ठेवली. आधीच्या पानांवर गावातल्या बाया, नंतरच्या पानांवर शेकाटे आणि टिटव्या. रकाने तेच. केस नंबर, दाखल, तारीख, शेरा.

त्यांची भाषाही तीच. अंडं फुटणं म्हणजे ‘मोकळी होणं’. पिल्लं चालायला लागली की ‘डिस्चार्ज’. कुत्रं आलं की ‘केस सिरीयस’. शेकाट्याचा नर अंड्यांवर बसतो हे कळल्यावर तर त्यांना ऊतच आला. पारावर बसलेल्या बाप्यांना त्या गोळा करून आणायच्या, दुर्बीण डोळ्याला लावायच्या आणि म्हणायच्या, “बघ, बाप बसलाय. भर उन्हात. तू कधी पोरगं मांडीवर घेतलं हुतंस का रं?” मग तो पक्षी डबक्यावर जाऊन पोट भिजवून यायचा आणि तसाच ओल्या पोटानं अंड्यांवर बसायचा. “ओल्या फडक्यानं पुसतोय,” सिस्टर सांगायच्या. बाप्ये मान खाली घालून बिडी शोधायला लागायचे.

पोटावर ठेवून बाळाचे ठोके ऐकायची ती लाकडी नळी असते ना, तीही त्यांच्या पिशवीत कायम. तिचा उपयोग काय, तर बाबूभाईंच्या कलिंगडांवर. कलिंगडाला नळी लावायची, बोटानं टिचकी मारायची, डोळे मिटून ऐकायचं. “न्हाई. आजून दोन दिस.” बाबूभाई बिचारे सज्जन. “सिस्टर बोलल्याशिवाय मी तोडत नाही,” ते मला म्हणाले. “माझी तिन्ही पोरं तिनंच ऐकून सांगितली होती. एक दिवस इकडं तिकडं नाही.”

खरी गोम इथेच होती. गावातला पस्तिशीच्या आतला प्रत्येक माणूस सिस्टरांच्या हातावर जन्मलेला, आणि कोण कसा जन्मला हे त्यांना तोंडपाठ. त्यापुढे कुणाची काय बिशाद! गाळ भरायला आलेल्या ट्रॅक्टरवाल्यानं एकदा आवाज चढवला, तर सिस्टर शांतपणे म्हणाल्या, “जन्मल्यावर तू रडत नव्हतास. दोन चापट्या मारल्या तवा रडलास. तिसरी मारायची ऱ्हायलीय माझी.” चारचौघांत! ट्रॅक्टर गुपचूप मागे गेला.

मला वाटायचं, आपण सुटलो. माझा जन्म नगरचा, यांच्या हाताखालचा नव्हे. आठवड्याच्या आत बाईंनी माझ्या आईचा फोन नंबर मिळवला. कुठून, ते आजही माहीत नाही. “सव्वादोन किलोची हुतीस व्हय गं,” दुसऱ्या दिवशी चहा पिता पिता त्या म्हणाल्या. “काचेच्या पेटीत ठिवली हुती. म्हनूनच जरा काय झालं की घाबरतीस.” मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. त्यांच्या ते लक्षातसुद्धा आलं नाही.

मग दत्ताची टूर्नामेंट आली आणि सगळं बोलणं झक मारत सुरू करावं लागलं.

दत्ता म्हणजे आमचे सरपंच. वय बत्तीस, गळ्यात सोन्याची चेन, डोळ्यांवर गॉगल. माणूस वाईट नाही, पण हौस दांडगी. तो पायाळू, म्हणजे पायांकडून जन्मलेला. अशा माणसाचा पाय लागला की धरलेली कंबर सुटते म्हणतात, त्यामुळे निवडून यायच्या आधीपासूनच निम्मं गाव त्याच्या पायाशी येऊन गेलेलं. तळं आटलं की मधल्या सपाट गाळावर ‘सरपंच चषक’ भरवायचा हा त्याचा नेम. श्रीगोंद्यापासून टीम यायच्या. पहिलं बक्षीस बोकड. फाट्यावर फ्लेक्स लागलेला, त्यात दत्ता गॉगल लावून हात जोडतोय आणि शेजारी बोकडाचा फोटो त्याच्याहून मोठा.

आणि नेमकी त्याच सपाट गाळावर, जिथे खेळपट्टी व्हायची, तिथे यंदा शेकाट्यांनी अंडी घातलेली. अकरा घरटी. घरटी कसली, चिखलात जरासा खळगा आणि चार मातकट अंडी. रूळ फिरला तर कळणारसुद्धा नाही.

मी वर्दी घालून, टोपी घालून दत्ताकडे गेले. त्यानं चहा मागवला, नकाशा काढला आणि बोट ठेवलं. “मॅडम, तुमची हद्द ह्या सिमेंटच्या खांबापातूर. पक्षी बसल्यात खांबाच्या अलीकडं. ती जागा ग्रामपंचायतीची. आता पक्ष्यांना नकाशा वाचता येत न्हाई, त्याला मी काय करू?” कायद्यानं अंडी फोडणं गुन्हाच आहे असं मी म्हणाले, तर तो म्हणाला, “फोडतंय कोन? आमी रूळ फिरवतोय.” साहेबांना फोन केला. साहेब म्हणाले, सामोपचारानं घ्या. म्हणजे आपलं आपण बघा.

मी रडकुंडीला येऊन सिस्टरांकडे गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, “अंडं फुटायला किती दिस लागत्यात, तुझ्या बुकात काय लिव्हलंय?”

“पंचवीस.”

त्यांनी वही उघडली. पहिल्या अंड्याची तारीख शोधली, बोटांच्या पेरांवर मोजलं. “येत्या शुक्रवारी शेवटचीबी मोकळी व्हती. टूर्नामेंट कधी? शनवारी. मग रडतीस कशाला?”

लुनावरून थेट दत्ताच्या दारात. अंबाड्यात खोचलेलं पेन काढून त्यांनी कागदावर लिहून दिलं की शुक्रवारपर्यंत सगळ्या केस मोकळ्या होतील, आणि न झाल्या तर शनिवारी सकाळी मी स्वतः बाजूला होईन. खाली सही. दत्तानं तो कागद घडी करून खिशात ठेवला. सिस्टरांची तारीख चुकत नाही, हे त्यालाही माहीत होतं.

त्या आठवड्यात तळ्यावर जे चाललं त्याला काय म्हणावं? बाबूभाईंच्या मांडवाचे बांबू आले. घराघरातून जुनी लुगडी आली. सिस्टरांनी घरट्यांच्या भोवतीनं, पक्षी बिचकणार नाहीत एवढं लांबून, पडदा लावला. “बाळंतिनीच्या खोलीला पडदा लागतो,” म्हणाल्या. मग गावातल्या बायाच राखणीला बसायला लागल्या. सकाळी दोघी, दुपारी दोघी. सोबत मिसरी, शेंगा, सुनांच्या तक्रारी. कुत्रं आलं की बांगड्या वाजवत सगळ्या मागे. दत्ताची आई कुसुमबाईसुद्धा डोक्यावर पदर घेऊन येऊन बसायची. “घरी बसलं की ह्याची कॉमेंट्री ऐकावी लागती,” ती म्हणायची. “त्यापरीस हितं बरंय.” मला तर मजाच यायला लागली होती. माझी शिट्टी मी धुऊन ठेवून दिली.

गुरुवारी दुपारी चौकीत बसून मी पक्ष्यांचं पुस्तक सहज चाळत होते, आणि एका पानावर ताडकन उठून उभी राहिले. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं की हे पंचवीस दिवस मोजायचे ते शेवटचं अंडं घातल्यापासून. मादी एकेक करून चार अंडी घालते आणि सगळी झाली की मग नीट उबवायला बसते. आम्ही पहिल्या अंड्यापासून मोजलं होतं. म्हणजे पाच-सहा दिवस सरळ कमी!

पळत जाऊन सिस्टरांना दाखवलं. त्यांनी चष्मा लावून ती ओळ दोनदा वाचली. चेहरा असा पडला की मलाच कसंतरी झालं. आयुष्यात पहिल्यांदा तारीख चुकली होती, तीही सही करून. “बाईचं एकच असतं गं,” त्या हळूच म्हणाल्या. “मला काय ठावं, ह्यांचं चार-चारदा मोजायचं असतंय.” मग पुस्तक मिटून माझ्या हातात दिलं. “आता तोंड उघडू नगंस. कुनापुढं न्हाई.”

शुक्रवार गेला. एक अंडं फुटलं नाही.

शनिवारी सकाळी आख्खं गाव तळ्यावर. स्पीकर, फेटे, बोकडाच्या गळ्यात हार. श्रीगोंद्याची टीम टेम्पोतून उतरून अंग मोकळं करत होती. ट्रॅक्टरच्या मागे दगडी रूळ जोडलेला. आणि पडद्यासमोर स्टुलावर सिस्टर एकट्याच बसलेल्या, इस्त्रीचं पातळ नेसून, मांडीवर लाल वही. मी शेजारी उभी होते. पळायचं झालं तर कुठून, ते मी आधीच बघून ठेवलं होतं. उगाच नाही मला काचेच्या पेटीत ठेवली होती.

दत्तानं खिशातला कागद काढून उलगडला. “सिस्टर, सही तुमची हाय. म्या जबरदस्ती न्हाई केली. व्हा बाजूला.”

“केस पुढं गेलीय,” सिस्टर म्हणाल्या.

“पुढं म्हंजे?”

“म्हंजे तारीख उलटली. व्हतं असं. बाईचंबी व्हतं, पाखराचंबी व्हतं. तुझंच झालं हुतं की.”

दत्ता थबकला. “माझं?”

“दहा दिस वर गेल्ते तुझ्या आईला. डाक्टर म्हनला, नगरला न्या. तुझा बाप गाडी जुपून दारात उभा. मी म्हनलं, थांबायचं. पायाळू हाय, घाई क्येली तर दोघंबी जात्यात. दहा दिस मी तुझ्या उंबऱ्यात बसून काढल्यात दत्त्या. त्यात कुनाला तुझ्या आईवरनं रूळ फिरवू दिला का मी?”

स्पीकरवाल्यानं आपण होऊन गाणं बंद केलं. दत्तानं गॉगल काढला आणि गर्दीत आईला शोधायला लागला. कुसुमबाई पुढे आली. तिनं पडद्याच्या फटीतून आत बघितलं, मग सिस्टरांकडे, मग लेकाकडे.

“खरं का गं आई?”

“खरंय,” कुसुमबाई म्हणाली. “दहा दिस. तुझा बाप रोज सकाळी दारात यिऊन विचारायचा, झालं का, झालं का? मला मेलीला आधीच जीव नकोसा, आन् त्याला पेरनीची घाई. आज तू आगदी तसाच हुबा हाईस बघ.”

बाया पदराआड हसल्या. दत्ता कानापर्यंत लाल झाला. कागदाची त्यानं परत घडी घातली, परत उलगडली. मग ट्रॅक्टरवाल्याला ओरडला, “ए, रूळ मागं घे. बघतोस काय, मागं घे!” श्रीगोंद्याचा कॅप्टन कुरकुरला की आम्ही एवढ्या लांबून आलोय. तर दत्ता म्हणाला, “माझ्यासाठी दहा दिस थांबल्या हुत्या ह्या. जेवून जावा, पुढच्या शनवारी या.” त्या टीमला गावानं शेंगोळी घालून पाठवलं.

बुधवारी दुपारी पहिलं पिल्लू आलं. शुक्रवारपर्यंत अकराच्या अकरा घरटी मोकळी. शेकाट्याचं पिल्लू वाळलं की काही तासांत चालायलाच लागतं. काडीसारखे पाय, त्यावर कापसाचा गोळा, आणि चालली पिल्लं डबक्याकडे. वाट नेमकी खेळपट्टीवरून. दत्ता दुर्बीण उलटी धरून बघत होता आणि सगळ्यांना गप्प करत होता. “हळू. चालू केस हाय.” सिस्टर घड्याळात बघून मला वेळा सांगत होत्या, आणि मी लिहीत होते. अक्षर धड येत नव्हतं, कारण मी रडत होते. टूर्नामेंट शनिवारी झाली. तोवर बोकडानं फ्लेक्सचा कोपरा खाल्ला होता, गॉगलसकट.

पुढच्या वर्षी सिस्टरांचे गुडघे गेले आणि मुलीनं त्यांना सावेडीतल्या फ्लॅटवर नेलं. जाताना लाल वही माझ्या टेबलावर ठेवून गेल्या. “पुढची पानं कोरी हायत,” एवढंच म्हणाल्या. तिथे त्यांचं काय चाललंय ते आईकडून कळतं. खिडकीतल्या एसीवर पारवीण बसलीय म्हणून आख्ख्या मे महिन्यात त्यांनी जावयाला एसी लावू दिला नाही.

वही मी वाचली. त्या वर्षीच्या शेकाट्यांच्या पानावर शेरा होता: ‘तारीख चुकली. पहिलं अंडं धरलं, शेवटचं धरायचं होतं. चूक माझी.’ मग मी मागे मागे जात राहिले, आणि तेहेतीस वर्षांपूर्वीचं पान सापडलं. कुसुम. मुलगा. पायाळू. बाळ-बाळंतीण सुखरूप. आणि शेवटच्या रकान्यात, स्वच्छ अक्षरात: ‘दिवस पूर्ण. वेळेवर.’

मी ताबडतोब फोन लावला. “सिस्टर, दत्ता तर वेळेवर जन्मलाय!”

“मग?”

“मग दहा दिवस कुठले?”

“वहीत खरंच लिव्हायचं असतंय पोरी. तोंडानं काय बोलायचं ते केस बघून.”

“आणि कुसुमबाई? तिला तुम्ही आधी शिकवून ठेवलं होतं?”

“देवाशपथ न्हाई. मी नुसतं बोलून बसले आन् माझंच काळीज धडधडाय लागलं, आता ही काय म्हनती. तिचं तीच बोलली.” मग म्हणाल्या, “बसल्या जागंवरनं उठवल्यावर कसं वाटतं ते बाईला ठावं असतंय गं.” आणि फोन ठेवून दिला.

दत्ता आता ही गोष्ट सगळ्यांना सांगतो. नगरहून पक्षी बघायला मंडळी आली की खांबापाशी उभं करून सांगतो. मीबी दहा दिस उशिरा आल्तो, म्हणून आपल्या गावात घाई चालत नाही. टूर्नामेंट तो आता मे संपताना घेतो आणि पडद्याचे बांबू स्वतः रोवतो.

या वर्षी एप्रिलमध्ये तो चौकीवर आला. सोबत त्याचा सहा वर्षांचा मुलगा. “मॅडम, सिस्टरांची वही तुमच्याकडं हाय म्हनं. माझी नोंद बघायचीय. ह्याला दावायचीय.”

वहीत तर ‘वेळेवर’ लिहिलेलं. बाहेर गाळावर सकाळीच तेरा शेकाटे बसलेले मी मोजले होते, खांबाच्या त्या, ग्रामपंचायतीच्या बाजूला. मी कपाट उघडलं, लाल वही काढली, ते पान काढलं. वही अगदी छातीशी धरली, आणि सिस्टरांसारखा चष्मा नाकावर ओढून मोठ्यानं वाचलं.

“कुसुम. मुलगा. पायाळू. बाळ-बाळंतीण सुखरूप. दहा दिवस उशिरा.”

“बघितलंस?” दत्ता लेकाला म्हणाला. त्याची छाती चांगली दोन बोटं फुगली होती. मी वही मिटून कपाटात टाकली आणि कुलूप लावलं.

जाता जाता दारात थांबून त्यानं गाळाकडे बघितलं. “औंदा किती दिस धरायचं, मॅडम?”

“शेवटच्या अंड्यापासून पंचवीस,” मी म्हणाले. “आणि वर दहा.”

“धरा की,” दत्ता म्हणाला. “घाई कुनाला हाय?”